अनोळखी चेहऱ्यांची अमेरिका

रस्त्यावर टिपलेल्या छायाचित्रांनी गेल्या नऊ दशकांतील अस्वस्थ अमेरिका जशी नोंदवली, तशी ती सरकारी अहवालांत किंवा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत क्वचितच आढळते. मात्र ज्या चेहऱ्यांमुळे या छायाचित्रांना मोल आले, त्या चेहऱ्यांनाच आज कॅमेऱ्याचे भय वाटू लागले आहे.

न्यू ऑर्लिन्स शहरातील एक ट्राम. तिच्या ओळीने पाच खिडक्या. सर्वांत पुढच्या खिडकीत एक गोरा पुरुष, काचेवरील प्रतिबिंबामुळे अर्धवट पुसल्यासारखा. त्याच्यामागे त्रासिक नजरेची गोरी स्त्री. मधल्या खिडकीत दोन गोरी मुले. त्यांच्यामागच्या खिडकीत दोन्ही हात चौकटीवर टाकून कॅमेऱ्याकडे पाहणारा एक कृष्णवर्णीय पुरुष आणि अगदी शेवटी एक कृष्णवर्णीय स्त्री. या छायाचित्रात कोणतीही घटना घडत नाही. कोणी कोणाला मारत नाही, घोषणा देत नाही, रडत नाही. तरीही वर्णभेदावर उभ्या असलेल्या एका समाजव्यवस्थेचा संपूर्ण आराखडा त्या पाच खिडक्यांत मावला आहे. पुढे कोणी बसायचे आणि मागे कोणी, हे तेथे प्रत्येकाला ठाऊक होते.

रॉबर्ट फ्रँक यांनी हे छायाचित्र टिपले ते नोव्हेंबर १९५५ मध्ये. त्यानंतर काही आठवड्यांतच, १ डिसेंबर १९५५ रोजी, अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला. त्यातून ३८१ दिवसांचा बस-बहिष्कार उभा राहिला आणि अमेरिकेच्या इतिहासाला वळण मिळाले. फ्रँक यांना यातले काहीही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते एक मिरवणूक टिपत होते. मागे वळले तेव्हा समोरून ट्राम जात होती.

वृत्तछायाचित्र आणि रस्त्यावरील छायाचित्र यांतील फरक येथे स्पष्ट होतो. वृत्तछायाचित्र काय घडले ते सांगते. रस्त्यावरील छायाचित्र मात्र घटना घडण्यापूर्वीची हवा कशी होती, किंवा घटना घडून गेल्यावर लोक कसे चालत-बोलत होते, ते सांगते. म्हणूनच त्याचा अर्थ बहुधा उशिरा उमगतो. गेल्या शतकातील अमेरिकेचे हे अनौपचारिक चित्र पाहताना हा विलंब ध्यानात ठेवणे अगत्याचे ठरते.

सरकारी कॅमेरा आणि लपवलेला कॅमेरा

या परंपरेची पाळेमुळे महामंदीच्या काळात सापडतात. १९३३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ चालवणाऱ्या डोरोथिया लँग कॅमेरा घेऊन रस्त्यावर आल्या आणि मोफत अन्नासाठी लागलेल्या बेरोजगारांच्या रांगेतील पाठमोऱ्या गर्दीत एकटाच तोंड फिरवून उभा असलेला वृद्ध त्यांनी टिपला. पुढे याच लँग, तसेच वॉकर इव्हान्स आणि इतर छायाचित्रकार रूझवेल्ट सरकारच्या ग्रामीण पुनर्वसन कार्यक्रमासाठी देशभर फिरले. त्या प्रकल्पातील सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेल्या आहेत.

अर्थात ही छायाचित्रे निर्हेतुक नव्हती. शेतकऱ्यांच्या हलाखीचे दर्शन घडवून सरकारी मदतीच्या योजनांना जनमताचा पाठिंबा मिळवणे, हा त्यामागचा स्पष्ट उद्देश होता. प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर हे नापसंत निगेटिव्हना चक्क भोक पाडत असत. त्यामुळे त्या काळातील काही दृश्यांवर आजही मधोमध एक काळे वर्तुळ दिसते. देशाचे चित्र कोणते असावे, हे ठरवणारा एक हात त्या वर्तुळामागे आहे.

इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात याच्या नेमका उलटा प्रयोग केला. कोटाच्या आत लहान कॅमेरा दडवून ते न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसत आणि समोरच्या प्रवाशांना त्यांच्या नकळत टिपत. कोणी पाहत नाही अशा समजुतीने सैलावलेले, थकलेले, स्वतःत हरवलेले हे चेहरे म्हणजे महामंदीतून महायुद्धाकडे निघालेल्या महानगराचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज मानला जातो. तथापि या छायाचित्रांचे पुस्तक निघाले ते १९६६ मध्ये, म्हणजे तब्बल २५ वर्षांनी. लोकांच्या नकळत त्यांचा चेहरा घ्यावा काय, हा प्रश्न या कलेच्या जन्मापासूनच तिच्या पाठीशी आहे.

परक्याची नजर

फ्रँक हे मूळचे स्वित्झर्लंडमधील झुरिकचे. १९४७ मध्ये ते अमेरिकेत आले. १९५५ मध्ये त्यांना गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि जुन्या मोटारीतून त्यांनी देश पालथा घातला. सुमारे ७६७ रोल, जवळपास २७ हजार छायाचित्रे आणि त्यातून निवडलेली अवघी ८३, असा 'द अमेरिकन्स' या पुस्तकाचा हिशेब आहे. हा काळ शीतयुद्धाचा होता. अर्कान्सा राज्यात पोलिसांनी या परदेशी उच्चाराच्या, मोटारीत कॅमेरे बाळगणाऱ्या माणसाला संशयावरून अडवले आणि काही तास कोठडीत ठेवले. त्या अनुभवानंतर फ्रँक यांची दृष्टी अधिक कठोर झाली, असे त्यांच्या अभ्यासकांचे मत आहे.

पुस्तक प्रथम प्रसिद्ध झाले ते १९५८ मध्ये पॅरिसमध्ये. पुढच्या वर्षी कादंबरीकार जॅक केरुअॅक यांच्या प्रस्तावनेसह ते अमेरिकेत आले, तेव्हा तेथील छायाचित्रणविषयक नियतकालिकांनी त्याची निर्भर्त्सना केली. छायाचित्रे अस्पष्ट आहेत, क्षितिज तिरके आहे, आणि मुख्य म्हणजे लेखकाच्या मनात या देशाविषयी आकस आहे, असा आक्षेपांचा एकूण सूर होता. समृद्धीच्या शिखरावर असलेल्या राष्ट्राला उपाहारगृहांतील एकटी माणसे, रस्त्याकडेचे क्रूस आणि ध्वजाआड झाकलेले चेहरे पाहावयाचे नव्हते. पुढच्या दहा वर्षांत वर्णद्वेषविरोधी आंदोलने, राजकीय हत्या आणि व्हिएतनाम युद्ध यांनी तो देश ढवळून निघाला आणि त्याच पुस्तकाकडे द्रष्टेपणाचा नमुना म्हणून पाहिले जाऊ लागले.

किंमत कोणी मोजली?

फ्रँक परदेशी असले तरी गोरे होते आणि काम आटोपल्यावर पुढच्या गावी निघून जाऊ शकत होते. गॉर्डन पार्क्स यांना ती मुभा नव्हती. कृष्णवर्णीय असलेले पार्क्स १९५६ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकासाठी अलाबामात गेले आणि तेथील एका विस्तारित कुटुंबाचे दैनंदिन जीवन त्यांनी रंगीत फिल्मवर टिपले. मोबाइल शहरातील एका दुकानाबाहेर, 'कलर्ड एन्ट्रन्स' अशा निऑन पाटीखाली, रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांत उभी असलेली एक स्त्री आणि तिच्या नात्यातील एक लहान मुलगी हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध दृश्य. ना अश्रू, ना रक्त. नीटनेटक्या कपड्यांच्या वर झळकणारी ती पाटी पाहणाऱ्याला अस्वस्थ करते.

या छायाचित्रांचे कौतुक करताना त्यानंतरची हकीकत सहसा सांगितली जात नाही. 'लाइफ'चा अंक बाजारात आल्यावर त्या कुटुंबातील एका शिक्षिकेची नोकरी गेली आणि स्थानिक गोऱ्यांच्या रोषामुळे त्यांना गाव सोडावे लागले. छायाचित्रकाराला कीर्ती मिळाली, साप्ताहिकाला वाचक मिळाले, देशाला आरसा मिळाला, परंतु किंमत मोजली ती छायाचित्रातील माणसांनी. आजच्या वादाचे मूळ येथे आहे.

अर्थ सांगण्यास नकार

१९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन शार्कोव्स्की यांनी 'न्यू डॉक्युमेंट्स' हे प्रदर्शन भरवले. त्यात डीअॅन आर्बस, ली फ्रीडलँडर आणि गॅरी विनोग्रँड यांची कामे होती. लँग यांच्या पिढीला समाज सुधारावयाचा होता, तर या तिघांना तो फक्त जाणून घ्यावयाचा होता, असे शार्कोव्स्की यांच्या मांडणीचे सार सांगता येईल.

विनोग्रँड यांनी त्याच वर्षी सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयात एक छायाचित्र घेतले. एक कृष्णवर्णीय पुरुष आणि एक गोरी स्त्री शेजारी-शेजारी चालत आहेत आणि दोघांच्या कडेवर लहान मुलांसारखे कपडे घातलेली चिंपांझीची पिल्ले आहेत. जून १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवर्णीय विवाहांवरील बंदी घटनाबाह्य ठरवली. त्या पार्श्वभूमीवर हे छायाचित्र पाहणारा हमखास चपापतो. ही क्रूर थट्टा आहे, की पाहणाऱ्याच्या मनात दडलेल्या पूर्वग्रहाला दिलेला चिमटा? विनोग्रँड यांनी उत्तर दिले नाही. गेली साठेक वर्षे समीक्षक त्यावर भांडत आहेत. किंबहुना अर्थ पक्का न करणे, हेच त्या छायाचित्राचे सामर्थ्य आहे.

विनोग्रँड १९८४ मध्ये निवर्तले तेव्हा न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल मागे राहिले. शिकागोत मुलांना सांभाळण्याचे काम करणाऱ्या विव्हियन मायर यांची कथा तर त्याहून विलक्षण. त्यांनी आयुष्यभर रस्त्यावर टिपलेल्या एक लाखाहून अधिक निगेटिव्ह २००७ मध्ये भाडे थकलेल्या गुदामातील सामानाच्या लिलावात उजेडात आल्या. २००९ मध्ये मायर यांचे निधन झाले, तेव्हा जगाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. श्रीमंतांच्या घरात राहणारी, पण त्या घराची नसलेली ही स्त्री पदपथावरच्या कामगारांकडे, भिकाऱ्यांकडे आणि मुलांकडे ज्या जवळिकीने पाहत होती, ती जवळीक तिच्या समाजातील स्थानातून आली होती, हे उघड आहे.

चौकटीबाहेरचे सत्य

छायाचित्र साक्ष देते, परंतु ती साक्ष तपासून घ्यावी लागते. ५ एप्रिल १९७६ रोजी बॉस्टनच्या सिटी हॉलसमोरील चौकात स्टॅन्ली फोरमन यांनी टिपलेले छायाचित्र याचे ठळक उदाहरण आहे. शाळांतील वर्णभेद संपवण्यासाठी विद्यार्थ्यांना बसने दुसऱ्या वस्तीतील शाळांत नेण्याच्या न्यायालयीन आदेशाविरुद्ध गोरे विद्यार्थी निदर्शने करत होते. तेथून कामासाठी जाणारे कृष्णवर्णीय वकील टेड लँड्समार्क त्यांच्या तावडीत सापडले. राष्ट्रध्वज लावलेल्या काठीचे टोक एक गोरा तरुण लँड्समार्क यांच्या दिशेने भाल्यासारखे रोखतो आहे आणि दुसऱ्या एकाने त्यांना मागून पकडून ठेवले आहे, असे त्या छायाचित्रात दिसते. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दी वर्षात या दृश्याने अमेरिका हादरली. १९७७ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

नंतरच्या संशोधनातून मात्र असे पुढे आले, की काठी भोसकली गेली नव्हती तर आडवी फिरवली गेली होती; आणि मागून 'पकडणारा' माणूस प्रत्यक्षात लँड्समार्क यांना सावरत होता. हल्ला खरा होता. लँड्समार्क यांच्या नाकाचे हाड मोडले होते. पण एका क्षणाच्या चौकटीने मदत करणाऱ्यालाही हल्लेखोरांच्या रांगेत बसवले.

११ सप्टेंबर २००१ रोजी मॅग्नम या संस्थेचे छायाचित्रकार थॉमस हपकर यांनी ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर एक दृश्य टिपले. मागे मॅनहॅटनवर धुराचा लोट उसळला आहे आणि पुढे उन्हात पाच तरुण गप्पा मारत बसले आहेत. हे दृश्य पाहणाऱ्यांना दुखावेल, या भावनेने हपकर यांनी ते बाजूला ठेवले. २००६ मध्ये ते गाजले, तेव्हा बेफिकीर अमेरिकेचे प्रतीक म्हणून त्यावर स्तंभ लिहिले गेले. त्यावर छायाचित्रातीलच एका व्यक्तीने जाहीरपणे सांगितले, की आपण सारे हादरलेले होतो आणि घडलेल्या प्रकाराविषयीच बोलत होतो. छायाचित्रकाराने आम्हाला विचारले असते तर त्याला ते कळले असते. हपकर चुकले असे नव्हे. छायाचित्राला चेहरा दिसतो, संभाषण ऐकू येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या मर्यादेवरचा एक मार्ग मेरी एलन मार्क यांनी दाखवला. मुंबईच्या फॉकलंड रोडवरील वेश्यावस्तीत १९७८ मध्ये त्यांनी केलेले काम येथील अनेकांना परिचित आहे. त्याच मार्क यांनी १९८३ मध्ये सिअॅटल शहरात रस्त्यावर राहणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली आणि त्यातील एका मुलीचे आयुष्य पुढे तीन दशके त्या टिपत राहिल्या. एक क्षण घेऊन निघून न जाता परत-परत जाणे, हीदेखील एक नैतिक भूमिका असू शकते. पण रस्त्यावरच्या प्रत्येक अनोळखी चेहऱ्याबाबत हे शक्य नसते.

पुराव्याची उलटलेली धार

अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणी छायाचित्र घेण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीमुळे व्यापक आहे. फिलिप-लॉर्का डिकॉर्शिया यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये टिपलेल्या चेहऱ्यांच्या मालिकेविरुद्ध एका वृद्ध सनातनी ज्यू गृहस्थांनी खटला भरला. परवानगीविना घेतलेले आणि विकले गेलेले आपले छायाचित्र धर्मश्रद्धेलाही बाधक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ही छायाचित्रे म्हणजे कला असल्याचा निर्वाळा देऊन दावा फेटाळला. २०११ मध्ये बॉस्टनमधील संघराज्य अपील न्यायालयाने, सार्वजनिक जागी कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसांचे चित्रीकरण करण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला.

या दुसऱ्या हक्काचे मोल पुढच्या दहा वर्षांत कळून आले. एप्रिल २०१५ मध्ये पोलीस कोठडीतील दुखापतींनंतर फ्रेडी ग्रे या तरुणाचा मृत्यू झाला आणि बाल्टिमोर पेटले. तेव्हा डेव्हिन अॅलन या स्थानिक हौशी छायाचित्रकाराने घेतलेले छायाचित्र 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकले. बाहेरून आलेल्या पाहुण्याऐवजी त्याच वस्तीतील मुलगा आता कॅमेऱ्यामागे होता. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला, तेव्हा वैद्यकीय कारणाने एका व्यक्तीचा मृत्यू, अशा आशयाचे पत्रक पोलिसांनी काढले होते. ते खोटे पाडले १७ वर्षांच्या डार्नेला फ्रेझियर या मुलीने फोनवर केलेल्या चित्रीकरणाने. २०२१ मध्ये संबंधित पोलीस अधिकारी दोषी ठरला आणि फ्रेझियर यांना पुलित्झरचे विशेष मानपत्र मिळाले.

परंतु त्याच उन्हाळ्यात दुसरी बाजूही समोर आली. ऑगस्ट २०२० मध्ये न्यूयॉर्क पोलीस एका आंदोलकाच्या दारात धडकले, तेव्हा एका अधिकाऱ्याच्या हातातील कागद कॅमेऱ्यात आला. तो चेहरा ओळखणाऱ्या तंत्राच्या विभागाचा अहवाल होता आणि त्यावर आंदोलकाने समाजमाध्यमावर टाकलेले छायाचित्र होते. निदर्शकांचे चेहरे पुसट करूनच छायाचित्रे प्रसिद्ध करावीत, असा आग्रह त्या काळात धरला गेला. त्यावर अनेक छायाचित्रकारांनी हरकत घेतली. चेहराच पुसला तर इतिहासात उरेल ती केवळ गर्दी, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. इव्हान्स यांच्या रेल्वे-प्रवाशाला कोणी शोधून काढू शकत नव्हते. आजच्या प्रवाशाचे नाव, पत्ता आणि मित्रमंडळी काही सेकंदांत शोधता येतात.

२०२५ मध्ये या प्रश्नाने आणखी एक वळण घेतले. स्थलांतरितांविरुद्धच्या कारवाईत चेहरा झाकलेले संघराज्य सरकारचे अधिकारी लॉस एंजलिससह अनेक शहरांच्या रस्त्यांवर दिसू लागले. ओळख उघड झाल्यास अधिकाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना धोका संभवतो, असे सरकारचे समर्थन होते. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा मुखवट्यांवर बंदी घालणारा कायदा केला आणि संघराज्य सरकारने त्याला न्यायालयात आव्हान दिले. नागरिक आपला चेहरा झाकू पाहत आहे आणि शासनही. रस्त्यावरील छायाचित्राचा कच्चा माल म्हणजे उघडा चेहरा, आणि तोच आता दुर्मीळ होऊ लागला आहे.

ट्राममधील तो माणूस

स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांच्या टप्प्यावर पोहोचलेल्या या देशाने स्वतःकडे निर्भीडपणे पाहण्याची जी सवय लावून घेतली, तिचे बरेच श्रेय रस्त्यावर निरुद्देश वाटावे असे भटकणाऱ्या या मंडळींना जाते. तथापि ही परंपरा केवळ कायद्यावर उभी नव्हती. अनोळखी माणसाने आपल्याकडे पाहिले तर त्यातून आपले अहित होणार नाही, हा एक मूक विश्वास तिच्या तळाशी होता. अलाबामातील त्या कुटुंबाच्या बाबतीत तो १९५६ मध्येच खोटा ठरला होता. आज तो सर्वांच्याच बाबतीत डळमळला आहे. केवळ छायाचित्रकारांच्या स्वातंत्र्याचे खटले जिंकून तो परत येणार नाही. छायाचित्राचा वापर कोणी आणि कशासाठी करावा, यावर, विशेषतः शासनावर, मर्यादा आल्या तरच तो टिकेल.

फ्रँक २०१९ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, कॅनडात निवर्तले. त्यांच्या पुस्तकातील छायाचित्रांखाली व्यक्तींची नावे नाहीत. दृश्याचे वा गावाचे नाव, एवढेच. ट्रामच्या चौथ्या खिडकीतील माणूस कोण होता, हे त्या पुस्तकातून कळत नाही. त्या निनावीपणामुळे तो घरी सुखरूप पोहोचला असेल आणि त्याच्या नजरेमुळे एका काळाची साक्ष उरली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य होत्या. पुढच्या पिढीसाठी त्या तशाच शक्य ठेवणे, हा आजच्या अमेरिकेपुढील प्रश्न आहे. रस्तोरस्ती कॅमेरे बसवणाऱ्या इतर देशांनाही तो फार काळ टाळता येणार नाही.